आक्रसण्याआधीचे चित्र

पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर चित्र काढून, ते कापून, ओव्हनमध्ये दोन-तीन मिनिटे तापवले की मूळच्या निम्म्याहूनही लहान, पण जाड आणि टणक असा तुकडा हाती येतो, आणि अशा तुकड्यांपासून कीचेन, कानातली, लोलक, बिल्ले व पिशवीला अडकवायचे छोटे ‘चार्म’ तयार करण्याच्या हस्तकलेला आपल्याकडेही ‘श्रिंक शीटचे काम’ असेच म्हटले जाते. मुलांची सुटीतली करमणूक म्हणून या कलेची ओळख झाली आणि बहुतेक ठिकाणी ती तेवढीच राहिली, हा तिच्यावर झालेला अन्याय आहे. कारण तिच्यात कारागिराचे जे कौशल्य पणाला लागते ते अगदी वेगळ्या जातीचे आहे. वस्तू आपले अंतिम रूप घेते त्या मिनिटभरात येथे हाताला जवळजवळ काहीच करता येत नाही, आणि म्हणून रेषेची जाडी, रंगाची गडदता, भोकाचा व्यास, कोपऱ्याची गोलाई हे सारे अद्याप न घडलेल्या वस्तूच्या हिशेबाने आधीच ठरवून ठेवावे लागते.

हे शीट पॉलिस्टायरीनचे असते. स्टायरीन या द्रवाचे असंख्य रेणू एकमेकांना जोडले जाऊन पॉलिस्टायरीनच्या लांबलचक साखळ्या तयार होतात. बर्लिनमधील औषधविक्रेते एडुआर्ड सिमोन यांनी १८३९ मध्ये एका झाडाच्या सुगंधी राळेपासून स्टायरीन वेगळे केले आणि ते ठेवून दिल्यास घट्ट होते हेही नोंदवले. परंतु अशा पदार्थांचे रेणू म्हणजे प्रचंड लांबीच्या साखळ्या असतात, हा विचार हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडला आणि त्याबद्दल त्यांना १९५३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सजावटीचा थर्माकोल हेदेखील पॉलिस्टायरीनच, फक्त ते फुगवलेले असते. न फुगवलेले पॉलिस्टायरीन साध्या तापमानाला काचेसारखे ताठ व ठिसूळ असते आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे रबरासारखे मऊ होते. या सीमारेषेला काचसंक्रमण तापमान म्हणतात.

श्रिंक शीटचे सारे रहस्य कारखान्यातील एका क्रियेत आहे. शीट मऊ असताना ते लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना ताणले जाते आणि ताणलेल्या स्थितीतच झटकन थंड केले जाते, त्यामुळे एरवी अस्ताव्यस्त वेटोळी करून राहणाऱ्या साखळ्या त्या ताणाच्या दिशेने पसरलेल्या अवस्थेत जागच्या जागी गोठतात. वेटोळे होण्याच्या रीती अगणित आणि सरळ पसरून राहण्याच्या मोजक्या, म्हणून संधी मिळताच साखळ्या वेटोळ्यांकडेच परततात. अव्यवस्थेकडे जाण्याच्या या प्रवृत्तीचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. ओव्हनची उष्णता ती संधी देते, यापलीकडे तिचे काम नाही. आक्रसताना शीटमधून काही उडून जात नाही, त्याचे आकारमान तेवढेच राहते, आणि म्हणून लांबी-रुंदीत जे कमी होते ते जाडीत जमा होते. प्रत्येक बाजू मूळच्या सुमारे ४० टक्के उरली, तर क्षेत्रफळ १६ टक्के होते आणि जाडी सहापटीहून थोडी अधिक होते, ०.३ मिलिमीटरच्या शीटपासून जवळजवळ दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा मिळतो तो याच गणिताने. सपाट शीट साच्यात ओढून बनवलेला पॉलिस्टायरीनचा पेला तापवला की पुन्हा चकतीसारखा सपाट होतो, यामागेही हेच कारण आहे.

या गुणधर्माचे बाजारात विकता येईल असे खेळणे केले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ब्रुकफील्ड गावातील बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघींनी. बालस्काउटांच्या एका उपक्रमातून १९७३ मध्ये ‘श्रिंकी डिंक्स’ जन्माला आले, पुढे मिल्टन ब्रॅडली आणि कलरफॉर्म्स यांसारख्या खेळणी-कंपन्यांनी त्याचे संच विकले आणि अमेरिकेतील मुलांच्या पिढ्या त्यावर रंग भरत मोठ्या झाल्या. जपानमध्ये ‘पुराबान’ या नावाने ही कला मोठ्या माणसांच्या हाती अधिक गेली. तेथे १०० येनच्या दुकानांतही हे शीट मिळते आणि त्यापासून अतिशय नाजूक फुले व दागिने घडवले जातात.

कामाची सुरुवात चाचणीच्या तुकड्याने व्हावी, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी सर्वांत मोलाचा आहे. कारखान्यात दोन्ही दिशांना दिलेला ताण क्वचितच अगदी सारखा असतो, त्यामुळे शीट एका दिशेने किंचित अधिक आक्रसते आणि काळजीपूर्वक काढलेले वर्तुळ लंबगोल होऊन बाहेर येते. म्हणून दहा सेंटिमीटरचा चौरस कापावा, त्यावर मूळ शीटच्या लांबीची दिशा बाणाने दाखवावी आणि तापवल्यानंतर दोन्ही बाजू मोजून घ्याव्यात, म्हणजे त्या शीटचे प्रमाण कळते. कानातल्यांचा जोड करायचा असेल तर दोन्ही तुकडे एकाच शीटमधून आणि एकाच दिशेने कापावे लागतात. एक उभा आणि एक आडवा कापला तर जोड जमत नाही. भोकाचेही असेच आहे. कार्यालयातील साध्या पंचिंग मशीनचे भोक सहा मिलिमीटरचे असते, ते आक्रसून अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर येते आणि त्यातून बारीक तारेची कडी सहज जाते. मात्र भोक कडेच्या फार जवळ घेतले तर कड आणि भोक यांमधली पट्टीही त्याच प्रमाणात अरुंद होते आणि दागिना तेथेच तुटतो.

रंगाचा विचार तर उलटाच करावा लागतो. जेवढा रंग मोठ्या क्षेत्रावर पसरला होता तेवढाच सहाव्या हिश्श्यात दाटतो, त्यामुळे कागदावर सुरेख दिसणारी गडद छटा येथे काळपट होते आणि फिकी, अपुरी वाटणारी छटाच शेवटी खुलते. रंगीत पेन्सिलचा रंग गुळगुळीत शीटवर धरत नाही, म्हणून पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने आधी उभा आणि मग आडवा घासून खरखरीत करतात. मेणाचे खडू मात्र वापरू नयेत, कारण मेण ओव्हनमध्ये वितळून पसरते. बाह्यरेषा कापताना आतल्या बाजूचे टोकदार कोपरे टाळावे लागतात, कारण आक्रसतानाचा ताण तेथे एकवटून चीर जाऊ शकते. आणि कापायचे ते सर्व तापवण्यापूर्वीच कापावे लागते, नंतर तो तुकडा कात्रीला दाद देत नाही.

नावांचे चार्म करताना देवनागरी लिपीची एक जमेची बाजू लक्षात येते. रोमन अक्षरांतील नाव कापायचे तर सुटी अक्षरे जोडण्यासाठी पट्टी कल्पावी लागते. देवनागरीत शिरोरेघ हे काम आपसूक करते आणि पूर्ण नाव एकसंध कापता येते. अडचण येते ती अनुस्वार, चंद्रबिंदू आणि नुक्त्याची, कारण ही चिन्हे सुटी राहतात आणि ती मुद्दाम अक्षराला चिकटवून घ्यावी लागतात. ‘क्ष’, ‘ध’, ‘भ’ यांच्या पोटातील पोकळ्या आक्रसल्यावर बुजल्यासारख्या दिसतात, तेव्हा त्या मुळातच ऐसपैस काढणे हिताचे असते. लांब, अरुंद शिरोरेघ तापताना वाकण्याचा संभवही अधिक असतो. चार-पाच अक्षरांपुढील नाव दोन ओळींत मांडलेले बरे.

ओव्हन सुमारे १६० अंश सेल्सिअसला आधी तापवून घेतात आणि तुकडा बेकिंग पेपरवर ठेवतात. मायक्रोवेव्ह येथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या लहरींनी पाण्यासारखे ध्रुवीय रेणू तापतात आणि पॉलिस्टायरीन त्या लहरी जवळजवळ शोषतच नाही. आत गेल्यावर थोड्याच वेळात तुकडा निखाऱ्यावरच्या पापडासारखा आक्रसत वळू लागतो, वेडावाकडा होतो, कडा उचलून स्वतःवरच दुमडू पाहतो, आणि नवखा माणूस नेमका याच क्षणी घाबरून तो बाहेर काढतो. उष्णता सर्व भागांना एकाच वेळी पोहोचत नसल्याने आधी तापलेला भाग आधी ओढला जातो, एवढाच त्याचा अर्थ. सगळा तुकडा सारखा तापला की तो आपोआप उलगडून सपाट होतो. लांब पाय, शेपटी किंवा देठ असलेली आकृती या गोंधळात स्वतःला चिकटण्याचा धोका खरा असतो, म्हणून शीटला टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर हलके चोळून ठेवतात.

बाहेर काढल्यावर काही सेकंदच तुकडा मऊ असतो. सपाट हवा असेल तर तेवढ्यात त्यावर गुळगुळीत, जड वस्तू दाबतात. पाकळीचा खोलगट बाक हवा असेल तर जाड हातमोजा घालून तो चमच्याच्या खोलीत बसवतात, आणि अंगठी हवी असेल तर गोल दांड्याभोवती वळवतात. जपानी फुलांतील सारी नजाकत या काही सेकंदांत मिळवलेली असते. चित्राची बाजू झाकण्यासाठी पाण्यात मिसळणारे वॉर्निश किंवा रेझिनचा पातळ थर चालतो. नेलपॉलिशमधील द्रावके मात्र पॉलिस्टायरीनच विरघळवतात, त्यामुळे घरात हाताशी असले तरी ते टाळावे. तापमान वाजवीपेक्षा वाढले तर उग्र वास येतो व स्टायरीनची वाफ सुटू शकते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि शक्यतो स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला वापरू नये.

हे सर्व प्लॅस्टिक आहे, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ पॉलिस्टायरीनचा मोठा कारखाना आहे, आणि याच राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांसह एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. परदेशांत त्रिकोणात ६ हा अंक असलेली खाद्यपदार्थांची पारदर्शक झाकणे धुऊन याच कामासाठी वापरण्याची पद्धत आहे, आणि ती नवे शीट विकत घेण्यापेक्षा निश्चितच चांगली आहे. आपल्याकडील मिठाईच्या व केकच्या पारदर्शक डब्यांवर मात्र पुष्कळदा १ हा अंक असतो, म्हणजे ते पीईटीचे असतात आणि तापवल्यावर वेडेवाकडे, पांढुरके होतात. तेव्हा झाकण कापण्यापूर्वी अंक पाहावा.

या साध्या खेळण्याने प्रयोगशाळेतही जागा मिळवली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड येथील नव्या शाखेत मिशेल खाइन यांना अतिसूक्ष्म वाहिन्यांची उपकरणे, म्हणजे केसाएवढ्या बारीक मार्गांतून द्रव खेळवणाऱ्या चिपा, बनवायच्या होत्या. परंतु त्यासाठी लागणारी महागडी साधने तेथे नव्हती. त्यांनी बालपणीच्या श्रिंकी डिंक्सच्या शीटवर लेझर प्रिंटरने वाहिन्यांचा नकाशा छापला, शीट तापवले, आणि आक्रसताना शाईच्या रेषा अरुंद होऊन उंच उठल्या. त्या उंचवट्यांवर सिलिकॉन रबर ओतले की वाहिन्यांचा ठसा तयार होत असे. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मायकेल डिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच शीटवर काळ्या रेषा छापून ते अवरक्त दिव्याखाली धरले. काळी रेषा उष्णता अधिक शोषते, त्यामुळे तेवढाच भाग आक्रसतो आणि सपाट शीट त्या रेषेवर आपोआप घडी घेते. घडीचा कोन रेषेच्या रुंदीवर अवलंबून असतो, म्हणून खोका बनवायचा की उघडा कोपरा, हे दिवा लावण्यापूर्वी, रेषा छापतानाच ठरवावे लागते.