मोफत इंटरनेट-दूरध्वनी : रायगड किनाऱ्यावरील घर, व्यापार आणि बोली

मराठीत ‘फुकट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मोल न देता मिळालेली वस्तू फुकट मिळते. निष्फळ ठरलेले श्रमही फुकट जातात. फारसी ‘मुफ्त’वरून आलेल्या ‘मोफत’ला यांपैकी पहिलाच अर्थ आहे. व्हॉट्सॲप, सिग्नल, गूगल मीट यांसारख्या सेवांवरून होणाऱ्या संभाषणास लोकव्यवहारात ‘फुकटचा फोन’ म्हणतात. हे संभाषण खरोखर मोफत आहे काय, आणि कोणत्या परिस्थितीत ते दुसऱ्या अर्थाने फुकट जाते, हे उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्याच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल. येथील अनेक कुटुंबांतील माणसे मुंबईत, आखाती देशांत, इस्राएलमध्ये विभागली गेली आहेत. आणि आगरी, कोळी, कोकणी मुसलमानांची बोली, कोर्लई गावातील पोर्तुगीजोद्भव बोली ही येथील वाणी मुख्यतः मौखिक आहे. यामुळे दूरध्वनीचा प्रश्न या किनाऱ्यावर केवळ खर्चाचा न राहता भाषेचाही होतो.

पूर्वीच्या पद्धतीत अंतर आणि काळ या दोहोंचे मोल द्यावे लागे. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या प्रती होत्या आणि आकारणी तीन मिनिटांच्या हिशेबाने होई. भारतात १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर एस.टी.डी. सुरू झाली, तेव्हा मध्यस्थाची गरज संपली. परंतु अंतराचा दर कायम राहिला. रात्री अकरानंतर दर पाव होत असल्याने बूथसमोर रांगा लागत. मिनिटागणिक पैसे मोजावे लागत असता माणूस निरोप सांगतो; गप्पा मारीत नाही. इंटरनेट-दूरध्वनीने हा हिशेबच बदलला.

त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी. जुन्या दूरध्वनीत दोन व्यक्ती बोलत असेपर्यंत त्यांच्यासाठी एक मार्ग राखून ठेवलेला असे. इंटरनेटवर असा मार्ग राखला जात नाही. आवाजाचे मोजमाप दर सेकंदास हजारो वेळा करून त्याचे अंक बनवले जातात, हे अंक साधारणतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत विभागले जातात, आणि प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटाप्रमाणे स्वतंत्रपणे रवाना होतो. अंकीय दूरध्वनीच्या मूळ पद्धतीत सेकंदास ८,००० मोजमापे, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे सेकंदास ६४,००० बिट लागत. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ओपससारख्या संकेतनपद्धतीस याच्या निम्म्यानेही चांगले काम करता येते. सेकंदास ३२,००० बिट धरल्यास दोन्ही दिशा मिळून तासाभराच्या बोलण्यास सुमारे २९ मेगाबाइट लागतात. पाकिटांवरील पत्त्यांचा भार त्यात आणखी पडतो. दैनंदिन डेटा-योजनेच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. पाकीट म्हसळ्याहून माणगावला जावो की कुवेतला, ग्राहकास दर एकच.

तथापि किंमत नाहीशी झालेली नाही. ती स्थलांतरित झाली आहे. डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले असतात. सेवा चालवणारी कंपनी आपले उत्पन्न अन्यत्र मिळवते : व्हॉट्सॲपने २०१८ पासून मोठ्या व्यवसायांकडून विशिष्ट संदेशांचे शुल्क घेण्यास आरंभ केला. बोलण्याचा आशय २०१६ पासून दोन्ही टोकांदरम्यान गूढलिपीत जातो. परंतु कोण, कोणाशी, केव्हा संपर्क साधतो ही माहिती वेगळी असते, आणि तिलाही मोल आहे. शिवाय दोन्ही व्यक्तींपाशी एकच ॲप असावे लागते. ज्या स्काइपने २००३ पासून परदेशस्थ कुटुंबांना अशा संभाषणाची सवय लावली, ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली.

घरगुती व्यवहारात या सेवेचे महत्त्व सर्वाधिक आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतून नोकरीसाठी आखाती देशांत गेलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांचे पत्रव्यवहार प्रमाण भाषेत होत, कारण बोली लिहिण्याची प्रथा नव्हती. मोजणी नसलेल्या दीर्घ बोलण्यात मात्र घरची बोली जशीच्या तशी समुद्रापार जाते. अलिबाग-रेवदंडा परिसरातून १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजाच्या मराठीबाबत, आणि १७४० मध्ये पोर्तुगिजांनी चौल सोडल्यावरही कोर्लईत टिकलेल्या बोलीबाबतही हीच शक्यता उद्भवते. अशा ऐकण्याने परदेशी वाढणारी मुले ती बोलू लागतात, की केवळ समजू लागतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होय. येथे राजकीय अडथळेही आहेत. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये अशा सेवांवरील बंदी शिथिल केली. संयुक्त अरब अमिरातीत मात्र व्हॉट्सॲपवरील बोलणे दीर्घकाळ रोखले गेले आणि परवानाप्राप्त सशुल्क सेवांकडे वळण्यावाचून कामगारांस गत्यंतर उरले नाही.

आणखी एक सूक्ष्म मोल विलंबाचे आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद आढळले. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांहून कमी असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो याच्या दुप्पट झाला, तर उत्तराला लागलेला वेळ जाळ्याचा की मनाचा, हे ऐकणाऱ्यास कळत नाही. ‘पैसे पोहोचले ना?’ या प्रश्नानंतरची शांतता आईला संकोचाची वाटते. वस्तुतः ती पाकिटांची असते.

व्यापारात लाभ स्पष्ट आहे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात भ्रमणध्वनी पोहोचला तेव्हा मासळीच्या भावांतील गावोगावची तफावत घटली, माल फुकट जाणे थांबले आणि मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, असे रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवले. मात्र तो साधा दूरध्वनी होता, आणि त्याची लहर किनाऱ्यापासून २० ते २५ किलोमीटरांपर्यंतच पोहोचत असे. त्याहून दूर गेलेल्या होडीस इंटरनेट-दूरध्वनी निरुपयोगी आहे, तेथे व्ही.एच.एफ. बिनतारी संचच हवा. नागाव, काशीद, दिवेआगर येथील घरगुती निवास चालवणाऱ्यांस चित्र दाखवून खोली ठरवता येते, हा फायदा; पण साधा क्रमांक बंद करून केवळ ॲपवर विसंबणे अविचाराचे ठरेल. २०११ पासून भारतात कंपनी बदलूनही भ्रमणध्वनीचा क्रमांक राखता येतो. ॲपवरील ओळख दुसऱ्या ॲपवर नेता येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब पडले, मनोरे निकामी झाले, आणि श्रीवर्धन-मुरूडकडील माणसांची खुशाली मुंबईतील नातलगांस कळेना. तांब्याच्या तारेवरील जुन्या दूरध्वनीला वीज केंद्रातून मिळे. घरातील दिवे गेले तरी तो चालू शके. इंटरनेट-दूरध्वनीस मात्र घरातील उपकरण, मनोरा आणि मधले जाळे या प्रत्येक ठिकाणी वीज लागते. संकटकाळचा ११२ हा क्रमांकही व्हॉट्सॲपसारख्या सेवेवरून लागत नाही, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे.

भाषाभ्यासकास शेवटी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. जुना दूरध्वनी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेई. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जीवन कंठ, यांतील ‘ज’च्या दोन उच्चारांचा भेद ज्या घर्षणध्वनीत असतो त्याचा मोठा अंश या पट्ट्याबाहेर पडतो. नव्या सेवांचा पट्टा विस्तृत आहे. परंतु त्या पार्श्वध्वनी पुसतात, आवाजाची पातळी बदलतात आणि हरवलेल्या पाकिटाच्या जागी अनुमानाने ध्वनी भरतात. ऐकणाऱ्याची सोय होते. ध्वनिमापन करणाऱ्याचा पुरावा दूषित होतो. २०२० नंतर दूरस्थ मुलाखतींचा प्रघात वाढल्याने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शब्दसंग्रह, वाक्यरचना, कथन यांसाठी अशी मुलाखत चालेल. उच्चाराच्या मापनासाठी मात्र निवेदकाने आपल्याच उपकरणावर असंकुचित मुद्रण करून ती फाइल स्वतंत्रपणे पाठवावी, हेच इष्ट.

सारांश, इंटरनेट-दूरध्वनीने बोलण्याच्या काळाचे मोल जवळजवळ शून्यावर आणले, आणि त्यामुळे न लिहिल्या जाणाऱ्या बोलींना दूरदेशी प्रथमच ऐसपैस वेळ मिळाला. ही प्राप्ती मोठी आहे. ती फुकट जाऊ नये, यासाठी घरात एक साधा क्रमांक, होडीत बिनतारी संच आणि अभ्यासकापाशी मूळ मुद्रण असणे अवश्य आहे.