पडद्यावरील डोंगर आणि खाचरातील पाणी

पावसाचे पाणी आपल्या शेतात कोठून येते व कोठे जाते, हे जाणल्यावाचून बांधास हात घालू नये. पनवेल तालुक्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. पूर्वेस सुमारे ८०० मीटर उंचीचा माथेरानचा डोंगर व त्यालगत प्रबळगड, दक्षिणेस कर्नाळा, पश्चिमेस भरतीची खाडी. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी थोड्याच कोसांत खाडीस मिळते. वर वरकस, मध्ये भाताची खाचरे व खाली खारजमीन, अशी ही सारी भूमी एकाच पाण्याने जोडलेली आहे.

आजवर जमिनीचा चढउतार सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरील समोच्चरेषांवरून ताडावा लागे, व सराव नसणारास ते कठीण जाई. आता संगणकावर तीच भूमी उभी करून, जणू कड्यावरून खाली पाहावे तशी पाहता येते. इस्रोचे ‘भुवन’ २००९ मध्ये सुरू झाले. ‘गूगल अर्थ’ व ‘क्यूजीआयएस’ हीही विनामूल्य मिळतात.

यातील युक्ती साधी आहे. दोन डोळ्यांमुळे आपणांस खोली कळते. त्याचप्रमाणे ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहावर एक कॅमेरा पुढे व दुसरा मागे रोखलेला होता. एकाच जागेच्या दोन चित्रांवरून उंची काढतात, आणि त्या उंचीवर उपग्रहचित्र चादरीप्रमाणे अंथरतात.

उपयोग करणाराने प्रथम आपल्या शेतावर खूण करावी, दृश्य तिरपे करावे आणि ओहोळाच्या मार्गाने वर चढत जावे. किती नाळी आपल्या खाचराकडे उतरतात, वरच्या उतारावर झाडी आहे की उघडा माळ, हे ध्यानात येते. सांडवा कोणत्या अंगास ठेवावा याचा विचार येथूनच सुरू होतो.

परंतु तीन गोष्टींची सावधगिरी हवी. पहिली, काही वेळा चित्र उठून दिसावे म्हणून उंची दुप्पट-तिप्पट वाढविलेली असते. ते प्रमाण एकावर आणावे. दुसरी, विनामूल्य मिळणाऱ्या माहितीत बहुधा ३० मीटर लांबरुंद चौकोनास, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांस, उंचीचा एकच आकडा असतो. त्यात हातभर उंचीचा बांध दिसणार नाही; दाट झाडीत तर जमिनीऐवजी झाडांच्या माथ्याजवळची उंची नोंदली जाते. तिसरी, माहितीचे वर्ष पाहावे. अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेली उंचीची मोजणी अद्याप सर्वत्र वापरली जाते. तीत उलव्याची टेकडी उभीच आहे. प्रत्यक्षात नवी मुंबई विमानतळासाठी ती कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. जुन्या आकड्यांवर तेथील पाण्याचा मार्ग ठरविणारा फसेल.

हाच धडा आपल्या गावासही लागू आहे. शेजारच्या खाचरात नवा भराव पडला की पाणी दुसरी सखल जागा शोधते, आणि ती आपली असू शकते. तो भराव जुन्या चित्रात दिसणार नाही. म्हणून चित्रावरून पाणलोट समजून घ्यावा, ऐन पावसात डोक्यावर इरले घेऊन ओहोळ स्वतः पाहावेत, आणि बांधाची व सांडव्याची पातळी मात्र पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेच काढावी. भरावाविषयी ग्रामसभेत बोलावयाचे असल्यास चित्राची प्रत व नळीने घेतलेली मापे दोन्ही सोबत न्यावीत. हे सारे काम मृगापूर्वी उरकावे. रोप लावणीस आल्यावर सांडवा हलविणे परवडत नाही.