ओटीपी म्हणजे आपला अंगठा

 

मागच्या काही बैठकांत एकच प्रश्न फिरून फिरून आला. मोबाइलवर सामान बघितलं, आवडलं, पैसे कार्डानं द्यायचे तर खातं रिकामं होईल का? एका ताईला शेवयाचं मशीन मागवायचं होतं. घरचे म्हणाले, कार्डाला हात लावू नको. मग तिनं ते कार्ड, पिनच्या चिठ्ठीसकट, भाच्याच्या हाती दिलं. भाचा गुणाचा असेल, पण खरा धोका तिथंच आहे. मोबाइलवरच्या दुकानाचं भय आणि पिन मात्र दुसऱ्याच्या खिशात, हे काही बरोबर नाही.

आपल्यापैकी कितीतरी जणींना कार्ड मिळालं ते जनधन खात्याबरोबर. २८ ऑगस्ट २०१४ ला ती योजना सुरू झाली आणि घरोघर रूपे कार्ड आलं. बऱ्याच कार्डांनी अजून कपाटाबाहेर तोंड काढलेलं नाही. ते एकदा हातात घेऊन बघा. त्यावर सोळा आकडे, मुदत संपायचा महिना-वर्ष, आणि बहुतेक कार्डांवर मागच्या बाजूला तीन आकडे असतात. त्या तीन आकड्यांना सीव्हीव्ही म्हणतात. मोबाइलवर खरेदी करताना हे सगळं भरावं लागतं आणि शेवटी आपल्या फोनवर ओटीपी येतो. एटीएमचा चार आकडी पिन वेगळा. तो कुणी फोनवर मागितला तर फोन ठेवून द्यायचा.

आता गटाचं खातं आठवा. त्यातून पैसे काढायचे तर अध्यक्ष-सचिवांच्या सह्या लागतात, ठराव लागतो, वहीत नोंद होते. एकटीच्या कार्डाला यातलं काही लागत नाही. तिथं सही म्हणजे तो ओटीपी. आपल्या आज्यांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे दिले आणि जमिनी गेल्या, हे आपण ऐकत आलोय. ओटीपी हा तसाच अंगठा आहे. फोनवर गोड बोलणाऱ्याला तो सांगितला, की कोऱ्या कागदावर अंगठा उठला.

म्हणून ओटीपीचा मेसेज आला की नुसते आकडे बघू नका, मेसेज पूर्ण वाचा. किती रुपये आणि कोणत्या दुकानाला, हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. खरेदी साडेतीनशेची आणि मेसेजात नऊ हजार, तर तिथंच थांबायचं. इंग्रजी वाचता येत नसेल तर रक्कम तरी वाचता येतेच ना? आणि काहीच मागवलेलं नसताना ओटीपी आला, तर कुणीतरी आपलं दार हलवून बघतंय असं समजा.

कधी कधी ओटीपी आपण न सांगताही जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते, नाहीतर योजनेची यादी. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असं लिहिलेलं असतं. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. आत बसलं आणि आपण परवानगी दिली, की ते आपले मेसेज वाचून दुसरीकडे पाठवतं. पत्रिका सोयऱ्याच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, आधी सोयऱ्याला फोन करा. बहुधा त्याचाच फोन आधी बिघडलेला असतो.

आता एक सोय, जी बँकेत आपल्याला सहसा कुणी आपणहून सांगत नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये नियम केला, की नवीन कार्ड देताना ते देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालेल. ऑनलाइन खरेदीचं बटण बंद असेल, ते आपण मागून सुरू करायचं. ज्या जुन्या कार्डानं कधी ऑनलाइन खरेदी झालीच नव्हती, त्यांचंही बटण बंद करायला सांगितलं होतं. हे बटण बँकेच्या अ‍ॅपमधून चालू-बंद करता येतं. अ‍ॅप जमत नसेल तर एटीएमवरून किंवा शाखेतून होतं का ते विचारा. खरेदीपुरतं चालू करायचं, झाली की बंद. रकमेची मर्यादाही ठरवता येते. परदेशातल्या वापराचं बटण मात्र बंदच राहू द्या, कारण बाहेरच्या काही दुकानांत ओटीपी न मागताही पैसे कापले जाऊ शकतात.

दोन खाती असतील तर आणखी सोपं. लाडक्या बहिणीचे पैसे येतात ते खातं बाजूला ठेवा. दुसऱ्या खात्यात खरेदीपुरते पैसे टाका आणि त्याचंच कार्ड वापरा. घरातला फोन लेकरं गेम खेळायला घेत असतील, तर ‘कार्ड जतन करू का’ या प्रश्नाला नाही म्हणा.

दुकान खरं की खोटं हे कसं ओळखायचं? हळदीचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. वसमतची हळद कुणी दहा रुपये किलोनं देऊ लागला तर आपण हसू. मग ४९९ रुपयांत ‘अस्सल येवला पैठणी’ बघून हसू का येत नाही? हातमागावरची पैठणी विणायला आठवडेच्या आठवडे लागतात, भाव हजारांत असतो. अशी जाहिरात दाबली की जे पान उघडतं ते मोठ्या दुकानासारखंच दिसतं, पण वर लिहिलेलं नाव एका अक्षरानं वेगळं असतं. पत्त्याजवळ कुलपाचं चित्र दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वाटेत कुणी पाकीट फोडणार नाही, एवढंच कुलूप सांगतं. पाकीट घेणारा चोर आहे की साव, ते नाही सांगत. जाहिरातीतून जाण्यापेक्षा दुकानाचं अ‍ॅप प्ले स्टोअरमधून घेऊन तिथून खरेदी करा. अनोळखी दुकान असेल तर पैसे देण्याआधी गटातल्या एखादीला दाखवा. ही आपली दुसरी सही.

सामान आलं नाही म्हणून चिडून गूगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधला, की फसवणारा तिथंही टपलेला असतो. नंबर दुकानाच्या अ‍ॅपमधूनच घ्यायचा. ‘पैसे परत पाठवतो, हे अ‍ॅप घ्या, पिन टाका’ असं म्हणणारा चोरच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

एवढं करूनही पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, घड्याळ बघायचं. लगेच १९३० ला फोन करा. सायबर फसवणुकीसाठीची ही सरकारी मदतवाहिनी आहे. लवकर कळवलं तर चोराच्या खात्यातच पैसा थांबवायचा प्रयत्न करता येतो. मग बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना आपली ना बँकेची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर काही भार आपल्यावर येतो. जनधनसारख्या साध्या खात्याला तो जास्तीत जास्त ५,००० रुपये. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं फार महाग पडतं. ‘घरात कळलं तर काय म्हणतील’ यात कितीतरी बाया वेळ घालवतात.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून, नकली कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. बाहेर वळवलेली रक्कम धरून ९४ कोटींवर गेले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं बँकेनं तेव्हा सांगितलं. चोर बँकेच्या भिंतीतून शिरला तर ते बँकेनं निस्तरायचं. आपण दार उघडून दिलं तर मात्र हिशोब वेगळा होतो. बँकेनं तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याच्या माहितीचा नंबर १४४४८.

पैसे ठीक गेले पण सामानच फाटकं आलं, किंवा खोक्यात मशीनऐवजी दगड निघाला, तर ती गोष्ट वेगळी. पार्सल फोडताना कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, चिकटपट्टी कापण्याआधीपासून. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. दुकान दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं मराठीत बोलता येतं. बिलाचा फोटो आणि ऑर्डरचा क्रमांक जवळ घेऊनच फोन लावा, कारण ते पहिल्यांदा तेच विचारतात.