दगडावर उगवलं कोण?

मुलांनो, दगडाला फूल आलेलं कधी पाहिलंय? माझ्या भाच्यानं पाहिलं, आणि सकाळी सात वाजता फोन करून मला उठवलं.

"मावशी, माझ्या टाकीतल्या दगडावर काहीतरी उगवलंय! काल नव्हतं. बोट जवळ नेलं की आत जातं!"

भाचा नववीत आहे. वर्षभर पैसे साठवून त्यानं खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी केली. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश, म्हणजे 2003 सालच्या सिनेमातला तो 'निमो', आणि मधोमध ओबडधोबड दगड. ह्या दगडाला टाकीवाले 'लाइव्ह रॉक' म्हणतात. जिवंत खडक! दगड काही जिवंत नसतो बरं का, पण त्याच्या छिद्राछिद्रांत जीव भरलेले असतात. माशांच्या विष्ठेतून आणि श्वसनातून पाण्यात अमोनिया जातो. तो साचला तर मासे मरतात. दगडातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, म्हणून टाकी टिकते. भाच्याचा दगड माणसानं बनवलेला होता, पण एका ओळखीच्यांच्या जुन्या टाकीत वर्षभर पडून तो असा 'जिवंत' झाला होता. जिवाणूंबरोबर त्या टाकीतले आणखी कोण कोण पाहुणे आले, ते मात्र कुणी मोजलं नव्हतं.

रविवारी मी भिंग घेऊन गेले. तोवर पठ्ठ्यानं पराक्रम केलेला होता. जुन्या टूथब्रशनं ते 'फूल' खरवडून टाकलं होतं. दोन आठवडे गेले. आता तिथे एकाची अकरा झाली होती! आजी म्हणाल्या, "काढ तो दगड बाहेर आणि टाक उकळत्या पाण्यात. मेलं की कटकट गेली." पातेलं गॅसवर चढलंसुद्धा होतं.

मी म्हटलं, "थांबा. आधी हे कोण आहे ते तरी बघू."

भिंगातून दिसलं ते असं : पारदर्शक तपकिरी देठ, वर चकती, चकतीच्या मध्ये तोंड आणि कडेला लांब, टोकाशी निमुळते होत गेलेले धागे. सावली पडली की सगळं आवरून भोकात. हे समुद्रफूल, इंग्रजीत सी ॲनिमोन. नावात फूल असलं तरी हा प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळ यांचा नातलग. त्याच्या धाग्यांवर सूक्ष्म डब्या असतात आणि प्रत्येक डबीत गुंडाळलेला काटेरी दोरा. भक्ष्याचा स्पर्श झाला की एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात दोरा सुटतो आणि विष टोचतो. पोट एकच, त्याला दार एकच. खाल्लं तेही त्याच तोंडानं, टाकलं तेही त्याच तोंडानं.

पण समुद्रफुलांच्या जाती शेकडो. आमचं कोणतं? लांब निमुळते धागे आणि काचेसारखं तपकिरी अंग यावरून ओळख पटली : आयप्टेशिया. धाग्यांची टोकं फुगीर, बोंडासारखी आणि अंग हिरवट असतं, तर 'मजानो' नावाचं दुसरं समुद्रफूल समजायचं. आणि पिसांचा पंखा नळीतून डोकावत असेल, पापणी लवायच्या आत गडप होत असेल, तर ते समुद्रफूलच नव्हे. तो नळीत राहणारा निरुपद्रवी किडा. बिचारा पाणी गाळून खातो. त्याला उगाच मारू नये.

आयप्टेशियाचं खरवडल्यावर काय होतं, ते भाच्यानं करून दाखवलंच होतं. ह्या प्राण्याच्या पायाचा एवढासा तुकडा मागं राहिला तरी त्याचं नवं पिल्लू होतं. नुसतं सरकतानाही तो पायाचे कण मागं ठेवत जातो. म्हणजे ब्रशनं भाचा त्याला मारत नव्हता, त्याची लागवड करत होता!

एवढ्यात दगडाच्या मागच्या बाजूला मला आणखी काही दिसलं. शर्टाच्या गुंड्यांसारखे तपकिरी गोल, एकमेकांना चिकटून बसलेले, प्रत्येकाच्या कडेला आखूड केसांच्या दोन रांगा. मी आधी गॅस बंद केला.

त्या 'गुंड्या' म्हणजे झोअँथिड, समुद्रफुलांचे चुलतभाऊ. त्यांच्यातल्या पॅलिथोआ गटात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. हवाईच्या समुद्रातल्या पॅलिथोआतून शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं आणि 1971 साली त्याची माहिती छापली. असा दगड उकळला तर विष वाफेबरोबर हवेत पसरतं. 2018 साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतलं प्रवाळ साफ करताना एका घरातल्या माणसांना रुग्णालयात जावं लागलं होतं. सगळ्या गुंड्या विषारी नसतात, पण कोणती विषारी आणि कोणती नाही हे डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून अशा दगडाला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, तो खरवडायचा नाही आणि उकळायचा तर मुळीच नाही. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही. आजींनी पातेलं उतरवलं आणि त्यात चहा टाकला.

मग अकरा आयप्टेशियांचं काय करायचं? निसर्गात त्यांना खाणारेही आहेत. पेपरमिंट कोळंबी त्यांना खाते. बर्गिया नावाची बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय तर आयप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. वर गंमत अशी, की खाल्लेल्या समुद्रफुलाच्या न सुटलेल्या डंखाच्या डब्या ती स्वतःच्या पाठीवरच्या बोंडांत साठवते. चोरीची हत्यारं! आयप्टेशिया संपली की तीही उपाशी मरते, म्हणून अकरासाठी तिला आणणं मला काही पटेना. शेवटी भाच्याच्या बाबांनी हातमोजे आणि चष्मा घालून सुईच्या पिचकारीनं एकेकाच्या तोंडात चुन्याची पातळ पेस्ट सोडली. रोज दोन-तीनच, कारण चुना जास्त झाला तर टाकीचं पाणी बिघडतं.

टाकीवाले आयप्टेशियाचं नाव काढलं की कपाळाला हात लावतात. प्रयोगशाळेत मात्र तिला मान आहे. तिच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि तिला अन्न पुरवतं, अगदी प्रवाळासारखं. तपकिरी रंग त्या शैवालाचाच. समुद्र तापला की प्रवाळातलं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. असं का होतं, हे शोधायला शास्त्रज्ञ आयप्टेशियाच पाळतात, कारण ती भराभर वाढते आणि शैवाल गेलं तरी खायला घातल्यास जगते.

समुद्रफुलं ओळखण्याचं वेड जुनं आहे. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी 1854 साली मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं आणि 1860 साली समुद्रफुलांवर रंगीत चित्रांचं दुसरं. ती वाचून लोक किनाऱ्यावर लोटले आणि बरण्या भरभरून समुद्रफुलं घरी नेऊ लागले. खडकांतली तळी पार ओस पडली. गॉस यांच्या मुलानं पुढे 1907 साली मोठ्या खेदानं हे लिहून ठेवलं. आपल्या कोकणातल्या खडकांवरही ओहोटीला समुद्रफुलं दिसतात. ती तिथेच वाकून पाहावीत. खडक बांधणारं प्रवाळ तर 2001 पासून आपल्याकडे कायद्यानं वाघाइतकंच संरक्षित आहे, ते उचलणं हा गुन्हा आहे.

अकरांपैकी दहा गेली. अकरावं भाच्यानं मागून घेतलं आणि छोट्या तुकड्यासकट काचेच्या बरणीत वेगळं ठेवलं. मी त्याला स्कॉटलंडची गोष्ट सांगितली होती : सर जॉन डॅलियेल यांनी 1828 साली किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल आणून बरणीत ठेवलं. डॅलियेल वारले, तरी ते जगलंच. एकाकडून दुसऱ्याकडे जात 1887 पर्यंत, म्हणजे 59 वर्षं! लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'ग्रॅनी', म्हणजे आजी.

भाच्याच्या बरणीवर आता 'आजी' अशी चिठ्ठी आहे. घरातल्या आजींना ते नाव अजून पसंत नाही, पण बरणीचं पाणी बदललंय की नाही, हे रोज विचारतात त्याच.