विश्लेषण : साखर वाढली की रक्तवाहिन्या सैल का होत नाहीत?

‘साखर थोडी जास्त आहे, पण त्रास काहीच नाही,’ असं म्हणत अनेक जण उपचार पुढे ढकलतात. प्रत्यक्षात त्रास जाणवण्याच्या कितीतरी आधी रक्तवाहिन्यांचं काम बिघडू लागतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाच्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे हा बिघाड समजून घेणं महत्त्वाचं आहे.

रक्तवाहिनी सैल कशी होते?

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. धमनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आकसला की धमनी अरुंद होते, सैलावला की रुंद. सैलावण्याचा निरोप आतलं पातळ अस्तर, म्हणजे एंडोथेलियम देतं. त्यासाठी ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतं. या वायूचं हे काम उलगडणारे रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

जास्त साखरेने काय होतं?

रक्तात साखर वाढली तरी अस्तराच्या पेशींना ती आत येण्यापासून फारशी रोखता येत नाही. आत साचलेल्या साखरेमुळे ऑक्सिजनचे घातक रेणू वाढतात आणि ते नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात. त्याच वेळी प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम सक्रिय होऊन स्नायू जास्त आकसतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर साखर भिंतीतल्या कोलॅजेनला चिकटते आणि धमनी कडक होते. याचा फटका हृदय, डोळे, मूत्रपिंड आणि पायांना बसतो.

नंतर साखर आटोक्यात आणली तर?

फायदा होतोच, पण उशिराची किंमत मोजावी लागते. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘डीसीसीटी’ चाचणीत टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण होते. १९९३ मध्ये चाचणी संपल्यानंतर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही सुरुवातीला साखर काटेकोर ठेवलेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी असल्याचं २००५ मध्ये दिसलं. शास्त्रज्ञ याला ‘मेटाबॉलिक मेमरी’ म्हणतात.

काय करावं?

एकदाच तपासलेल्या साखरेवर विसंबू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. रक्तदाब तपासा, तंबाखू सोडा. तिचा धूरही याच अस्तराला इजा करतो. औषध मात्र स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका; साखर एकदम खाली जाणंही धोक्याचं असतं.