तारे दिसले म्हणून तार तुटली असं नाही

आज नावांचे पत्ते शोधणाऱ्या एनएसलुकअप या आज्ञेवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण गेल्या आठवड्यातला 'पिंग'वरचा लेख वाचून नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका वाचकाने 'ट्रेसर्ट'च्या, म्हणजे वाटेतला एकेक राउटर ओळीओळीने दाखवणाऱ्या आज्ञेच्या, पडद्याचा फोटो पाठवलाय. चौथ्या ओळीत नुसते तीन तारे आणि 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. सहावीत ८० मिलिसेकंद. शेवटी अकराव्या ओळीत मुंबईतला सर्व्हर ९ मिलिसेकंदांत हजर! त्यांचा प्रश्न : "चौथा राउटर बिघडलाय ना? तक्रार करू का?"

अजिबात नको. चौथा राउटर खरंच बंद असता, तर त्याच्यापलीकडच्या प्रत्येक ओळीत तारेच दिसले असते.

इंटरनेटवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. वाट चुकलेली पॅकेटं जन्मभर गोल फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही सोय. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये ट्रेसराउट (ट्रेसर्ट हा त्याचाच विंडोजमधला अवतार) लिहिताना तिचा भलताच उपयोग करून घेतला. टीटीएल मुद्दाम १ ठेवून पॅकेट सोडायचं, मग २, मग ३. ज्या राउटरपाशी ते संपेल, तो आपण होऊन स्वतःचा पत्ता कळवतो! इतक्या वर्षांनीही मला ही युक्ती पाहून मौज वाटते.

पण मोठ्या राउटरमध्ये पॅकेट पुढे धाडायला खास चिप असते; 'संपलं' हे कळवण्याचं काम मात्र साध्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, आणि त्याला त्याहून महत्त्वाची कामं असतात. म्हणून कुणी उशिरा उत्तर देतो, कुणी मोजकीच देतो, कुणाला गप्पच बसायला सांगितलेलं असतं. तेव्हा नियम एकच : तारे किंवा वाढलेला वेळ एखाद्या ओळीपासून थेट शेवटच्या ओळीपर्यंत टिकला, तरच काळजी करायची.

आता ते ९ मिलिसेकंद. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. नाशिक-मुंबई रस्त्याने १७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोन मिलिसेकंद. बाकीचा वेळ केबलची वळणं, राउटर आणि रांगा खातात. हाच मुंबईचा सर्व्हर शेवटच्या ओळीत कायम दीड-दोनशे दाखवू लागला, तर पॅकेट परदेशवारी करून येत असल्याची शंका घ्या. एकेकाळी दोन भारतीय कंपन्यांमधली वाहतूक सर्रास अशी परदेशातून फिरून यायची. तिची देशातच अदलाबदल व्हावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली; तिचं एक केंद्र मुंबईतच आहे.

जाता जाता : ट्रेसर्टला 'वजा डी' जोडून पाहा. ओळी भराभर येतील, कारण मग तो राउटरांची नावं शोधत बसत नाही. नावं शोधायला एवढा वेळ का लागतो, ते पुढच्या आठवड्यात एनएसलुकअपला विचारू.