फ्रेटलेस बेसची पन्नास वर्षं आणि आमचं बालाघाट

1976 साली जॅको पास्तोरियसचा पहिला अल्बम बाजारात आला. फ्लोरिडात वाढलेला हा पोरगा त्याच वर्षी वेदर रिपोर्ट या बॅंडमध्ये दाखल झाला आणि बेस गिटारकडे जगाने नव्याने कान दिले. त्याच्याकडे 1962 ची फेंडर जॅझ बेस होती. तिचे फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे, काढून टाकलेले, खाचा भरून सपाट केलेल्या आणि वर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा कडक थर. खरखरीत तारांनी लाकूड झिजू नये म्हणून तो थर. त्यातून जो गाता, लांबणारा सूर निघाला, तो आजवर हजारो वादकांनी शोधला आहे.

त्या घटनेला आता पन्नास वर्षं होत आली. एवढ्या काळात आमच्या बालाघाट-गोंदिया पट्ट्यात बेसचं काय झालं, हे लिहून ठेवावंसं वाटतं. सामान सुधारत गेलं आणि वादक मात्र कमी होत गेले, असा हा उलटा प्रवास आहे. तो पुन्हा सुलटा करता येईल असं मला मनापासून वाटतं, म्हणून मागोव्यासोबत कामाच्या चार गोष्टीही सांगतो.

आधी वाद्याचा थोडा इतिहास. लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस काढली. तोवर खर्जाचं काम उभ्या डबल बेसवर चाले. ते वाद्य माणसाहून उंच, प्रवासात अडचणीचं आणि ढोलांच्या गर्दीत ऐकू न येणारं. फेंडरच्या बेसला गिटारसारखे फ्रेट होते. बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडलं तरी सूर जागेवर येई, हीच तिची मोठी सोय होती. पुढे दहा वर्षांत उलट्या दिशेने प्रयोग सुरू झाले. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने 1961 च्या सुमारास एका स्वस्त बेसचे फ्रेट उपटले, 1966 मध्ये ॲम्पेग कंपनीने कारखान्यातूनच फ्रेटलेस बेस काढली आणि 1970 मध्ये खुद्द फेंडरनेही. म्हणजे जॅकोच्या आधी वाद्य तयार होतं. त्याला आवाज जॅकोने दिला.

आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओंमध्येही डबल बेसची जागा हळूहळू बेस गिटारने घेतली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस सत्तरच्या दशकात स्पष्ट ऐकू येऊ लागली. त्याच वर्तुळात बेस वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक रेकॉर्ड काढली. त्यात रोलॅंडचं टीबी-303 हे बेसचं यंत्र होतं. त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय असल्यामुळे रागातली मींड त्यावर निघू शकली. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी ऐकली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा मात्र जगभरचे लोक थक्क झाले. बेसवाल्याचा कान मींडेकडे ओढ घेतो, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

ऐंशीच्या दशकातलं आमचं बालाघाट म्हणजे गणपती, नवरात्र आणि खाणींच्या वसाहतींतले कार्यक्रम. भरवेलीला मॅंगनीज, मलाजखंडला तांबं, आणि जिथे वसाहत तिथे वर्षातून एकदा तरी ऑर्केस्ट्रा. 1956 मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली खरी, पण तारा, जॅक, पिन घ्यायची तर आमची राजधानी नागपूरच राहिली. छोट्या लाइनने गोंदिया गाठायचं, तिथून मोठ्या गाडीने पुढे. एवढा खटाटोप करून आणलेला तारांचा संच कुणी सहा महिन्यांत फेकत नसे. मळलेल्या तारा उकळत्या पाण्यात टाकून, पुसून, वाळवून पुन्हा चढवायच्या. आठवडाभर त्या नव्यासारख्या बोलायच्या.

तेवढं करूनही बेस लोकांपर्यंत पोचत नसे. बेसची सर्वांत जाड तार सुटी छेडली तर सेकंदाला 41 कंपनं होतात. मंडपाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्याला काहीशेच्या खालची कंपनं झेपतच नाहीत. बेसवाल्याने आवाज वाढवला की साउंडवाला धावत यायचा: “दादा, खर्ज कमी करा, भोंगा फाटून राहिला.” मग कडेला ठेवलेल्या एका पेटीतून पहिल्या दोन रांगांना थोडा घुमारा ऐकू येई, बस. बेसवाला गेला तर कार्यक्रमाचं काही अडत नाही, हा समज त्या काळात रुजला, आणि त्याचं मूळ ध्वनियंत्रणेत होतं.

नव्वदच्या दशकात यंत्रणा बदलली. मोठ्या पेट्या आल्या, ऑक्टापॅड आला, कीबोर्ड आला आणि खर्ज एकदम छातीवर आदळू लागला. पण तो वाजवत होता कीबोर्डवाल्याचा डावा हात. मंडळाचा हिशेब सरळ होता: एक माणूस कमी, एक पाकीट कमी. पुढे वरातीत आणि विसर्जनाला धुमाल हे वाद्यपथक आलं. नागपूरपासून बालाघाटपर्यंत त्याने रस्ते दणाणून सोडले. खर्ज इतका मोठा कधीच नव्हता, आणि बेस गिटार धरलेला माणूस इतका दुर्मीळही कधी नव्हता. यात एक गोष्ट हरवली. गायक तान लांबवतो, एखादी ओळ पुन्हा घेतो, भावनेच्या भरात लय किंचित मागे ओढतो, तेव्हा खालून त्याला सावरणारा जो कान लागतो तो माणसाचा असतो. डाव्या हाताला इतर कामं असतात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वारं पुन्हा फिरलं. ए. आर. रहमान यांच्या ध्वनिमुद्रणांतून चेन्नईच्या कीथ पीटर्स यांची बेस घराघरांत गेली. 1996 साली मुंबईत जन्मलेली मोहिनी डे बेसवादक वडिलांकडे शिकली आणि आज जगभरच्या रंगमंचांवर वाजवते; तालाच्या बोलांवर बसवलेली तिची बोटं मोबाइलवर बघून कितीतरी मुलामुलींनी बेस घेतली. वाद्य आता घरपोच येतं. चांगली फ्रेटलेसही मध्यम किमतीत मिळते. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त शाखेत ती आहे.

आपल्या कानाला फ्रेटलेस परकी नाही, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. सरोदला पडदे नसतात. त्याच्या पोलादी पट्टीवर बोट घसरत जातं आणि सूर जागा शोधतो. सरोदचं एक मोठं घर आमच्याच राज्यात, मैहरला, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी उभारलं. भजनाला, भावगीताला बसलेल्या माणसाला मींड कळते. तो कान तयार असतो. राहतो तो हाताचा रियाज.

रियाज कसा करावा, ते एकाच सुरावर दाखवतो. मोबाइलवर तानपुरा पांढरी तीनला लावा. बेसची सर्वांत जाड तार सुटी छेडली की तो तुमचा षड्ज. आता त्याच तारेवर गांधार घ्या. चौथ्या फ्रेटच्या रेषेवर बोट ठेवलंत तर कीबोर्डचा गांधार येतो. तानपुऱ्यात तो किंचित चढा, बोचरा लागतो. बोट हळूहळू मागे, नटच्या दिशेने सरकवा. साधारण साडेपाच मिलिमीटरवर एक जागा येते, जिथे दोन सुरांमधली थरथर थांबते आणि गांधार तानपुऱ्यात विरघळतो. पंचमाचं तसं नाही. सातव्या फ्रेटच्या रेषेपासून तो पाऊण मिलिमीटरही दूर नसतो. म्हणून एकट्याने गाणाऱ्याला साथ करताना तानपुऱ्याचा गांधार घ्यावा आणि कीबोर्ड पूर्ण स्वरमेळ धरून असेल तर रेषेवरचा. हे ठरवण्याचं स्वातंत्र्य फ्रेटवाल्या बेसला नाही, आणि फ्रेटलेस घेण्याचं खरं कारण तेच आहे.

बोटाची जागाही बदलते. फ्रेटवाल्या बेसवर बोट फ्रेटच्या मागे पडतं. फ्रेटलेसवर बोटाचं टोक नेमकं रेषेवर यावं लागतं. पहिल्या रेषेपाशी एक मिलिमीटरची चूक अर्ध्या स्वराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी असते, वर सप्तकापाशी तेवढीच चूक दुप्पट होते. सुरुवात करणाऱ्याने रेषा आखलेलीच बेस घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. बोटाची थरथर, म्हणजे व्हायब्रेटो, शेवटी शिका. ती सुरावर चढवायची असते, चुकलेला सूर झाकायला नव्हे.

आता सामान. पहिला खर्च वाद्य नीट लावून घेण्यावर करा, नाव बघून महागडी बेस घेण्यावर नको. नटपाशी तार लाकडापासून जेमतेम व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढीच वर हवी. नेकला अगदी पुसटसा बाक पुरे. हे जमलं की तार लाकडाला अलगद घासत गुणगुणते आणि फ्रेटलेसचा तो ओळखीचा आवाज निघतो. तार उंच असेल तर कुठलंही यंत्र तो देत नाही. तारांमध्ये सपाट गुंडाळीच्या तारा बोटांना मऊ आणि फिंगरबोर्डाला निरुपद्रवी. गोल गुंडाळीच्या तारा जास्त बोलतात, पण लाकूड खातात. त्या हव्याच असतील तर निकेलच्या घ्या, स्टीलच्या नकोत.

जुन्या बेसचे फ्रेट काढून घ्यायचे असतील तर चांगला सुतार पुरतो, फक्त शेजारी बसून राहा. फ्रेटला आधी सोल्डरिंगच्या तापत्या टोकाने ऊब द्या, मग सपाट घासलेल्या चिमट्याने एका टोकापासून हळू उचला. घाई केली तर लाकडाच्या कपच्या निघतात. खाचांमध्ये फिकट लाकडाच्या पातळ पट्ट्या डकवा, म्हणजे रेषाही दिसतात. नंतर नट आणि ब्रिज दोन्ही खाली घ्यावे लागतात; फ्रेटची उंची गेलेली असते, हे बरेच जण विसरतात. फिंगरबोर्ड बहुधा भारतीय शिसवीचा असतो. 2017 मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. जुन्या बेसवरचं ते लाकूड जपण्याजोगं आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन गोष्टी सांभाळा. पहिली जिवाची. मंडपातलं अर्थिंग टेस्टरने तपासल्याशिवाय तारांना हात लावून माइकला ओठ लावू नका. दुसरी आवाजाची. आपल्या विजेची घरघर सेकंदाला 50 कंपनांची असते आणि जाड तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा सूर 49 चा. दोन्ही एकमेकांना खेटून असल्याने घरघर सुरात मिसळते आणि सूर डळमळीत वाटतो. जॅझ बेसच्या दोन्ही पिकअपचा आवाज सारखा पूर्ण उघडा ठेवला तर घरघर बरीचशी कटते. छोटा ॲम्प स्वतःला ऐकण्यापुरता ठेवा आणि डीआय बॉक्स लावून सूर सरळ मिक्सरला द्या. आजच्या पेट्या तो पोचवतात, पूर्वीची अडचण राहिली नाही.

हवामानाकडेही लक्ष असू द्या. वैनगंगेकाठचा पावसाळा आणि मे महिन्याचा कोरडा भडका यांत लाकूड फुगतं आणि आक्रसतं, नेकचा बाक बदलतो. फ्रेटलेसवर तो लगेच हाताला कळतो. ऋतू पालटला की नेकमधला ट्रस रॉड पाव फेऱ्याने बघावा, त्याहून जास्त एका दमात नाही. उन्हाळ्यात बेस कूलरच्या ओल्या झोतापासून दूर ठेवा, आणि मोटारीच्या डिकीत तर कधीच नाही.

पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर एवढंच दिसतं: भोंग्याने बेस ऐकू दिली नाही, कीबोर्डने बेसवाल्याची जागा घेतली, आणि आज या दोन्ही सबबी उरलेल्या नाहीत. पेट्या आहेत, वाद्य आहे, शिकवणारे पडद्यावर आहेत, तानपुरा खिशात आहे. येत्या गणपतीत बालाघाट, वारासिवनी, गोंदियाच्या मंडळांनी ऑर्केस्ट्रा ठरवताना बेसवाला आहे का, हे एकदा विचारावं. आणि ज्या मुलाकडे जुनी बेस भिंतीला टांगलेली आहे, त्याने आज रात्री पांढरी तीनचा तानपुरा लावून गांधाराची जागा शोधायला बसावं.